स्वमग्न मुलांनाही कॉलेजची वाट मोकळी. पण तयारी आठवीच्या आधीच हवी

दहावी-बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावी दाखल्यांसाठी पालकांची पळापळ सुरू होते. त्या गर्दीत विशेष शाळेत शिकलेल्या स्वमग्न मुलांचे आईवडील क्वचितच दिसतात. 'आपल्या पोराला कोण कॉलेजात घेणार?' असं बऱ्याच जणांनी आधीच धरलेलं असतं. मात्र स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी.

अकरावीला मान्यताप्राप्त मंडळाची दहावी लागते आणि पदवीला बारावी. विशेष शाळेत बहुतेक वेळा बोलणं, स्वतःची कामं स्वतः करणं, हाताला एखादं काम लागणं यावर भर असतो. ते गरजेचंच आहे. पण अठराव्या वर्षी तिथून मिळणारा शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे दहावी पास नव्हे. तो घेऊन गेलेल्या पालकांना कॉलेजच्या खिडकीवरून परत फिरावं लागतं. म्हणून मूल बारा-तेरा वर्षांचं असतानाच विशेष शिक्षकांना स्पष्ट विचारावं, की हे मूल मंडळाची परीक्षा देऊ शकेल का?

देऊ शकत असेल तर तीन वाटा आहेत. पहिली, गावातली नेहमीची शाळा. तिथं मदतीला तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. दुसरी, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी. तिसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. इथं पाच विषय लागतात, गणित घ्यायलाच हवं असं नाही आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय सोडवत जाणाऱ्या मुलाला ही वाट सोयीची पडते. पुढं बारावीही तिथूनच करता येते.

राज्य मंडळाच्या परीक्षेतही जादा वेळ, लेखनिक, विषयात सूट अशा सवलती आहेत. पण त्या आपोआप मिळत नाहीत. शाळेमार्फत कागदपत्रांसह प्रस्ताव आधीच मंडळाकडं जावा लागतो. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून उपयोग होत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच कागद आहे, दिव्यांग प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड. ऑनलाइन अर्ज केल्यावर सरकारी रुग्णालयात तपासणी होते. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बघून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी ते संपलेलं निघालं तर पंचाईत होते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे आणि स्वमग्नता त्यात आहे. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात, वयातही ५ वर्षांची सूट मिळते. विनाअनुदानित कॉलेजला मात्र हे कलम जसंच्या तसं लागू नाही, त्यामुळं फॉर्म भरण्याआधी कॉलेजचा प्रकार विचारून घ्यावा.

जागा मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही. भरलेली एसटी, वर्गातला गलका, अचानक बदललेलं वेळापत्रक यानं स्वमग्न मूल बिथरू शकतं. प्रवेशानंतर प्राचार्यांना लेखी कळवावं, अर्जाची पोच घ्यावी आणि कॉलेज सुरू होण्याआधी दोन-चार वेळा मुलाला तिथं फिरवून आणावं. रोजचं जाणं झेपत नसेल तर बारावीनंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करून पदवी घेता येते.

प्रत्येक स्वमग्न मुलाला कॉलेज झेपेलच असं नाही. काहींना रोपवाटिकेतलं, शिवणाचं किंवा कॉम्प्युटरवरचं काम जास्त जमतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण झेपणारं मूल केवळ कागद वेळेत झाला नाही म्हणून घरी बसू नये. घरात असं मूल असेल तर प्रमाणपत्र काढलंय का, त्याची मुदत किती आणि दहावी कुठल्या वाटेनं द्यायची, या तीन गोष्टी याच वर्षी ठरवून टाका.