किशोरवयीन नेमबाजांची सुरक्षितता आणि प्रशिक्षण

किशोरवयीन नेमबाजांचे प्रशिक्षण म्हणजे क्रीडा नेमबाजीत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे, शरीर व मन स्थिर ठेवण्याचे आणि अचूक नेम साधण्याचे दिले जाणारे क्रमबद्ध शिक्षण होय. भारतात त्याची सुरुवात बहुधा १० मीटर एअर रायफल किंवा १० मीटर एअर पिस्तूल या प्रकारांनी होते. सुरक्षिततेचे नियम हा या शिक्षणाचा पहिला पाठ असतो.

पार्श्वभूमी

अभिनव बिंद्रा याने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. त्यानंतरच्या काळात अनेक भारतीय नेमबाज अगदी लहान वयात पुढे आले. २०१८ साली मनू भाकर हिने राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत आणि सौरभ चौधरी याने आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा दोघेही १६ वर्षांचे होते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये १८ व्या वर्षी एअर रायफलचा विश्वविजेता झाला. महाराष्ट्रात अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्निल कुसाळे यांच्या यशामुळेही या खेळाला ओळख मिळाली.

एअरगनविषयीचा गैरसमज

एअरगनमध्ये दारूचा वापर होत नसल्याने तिला खेळणे समजले जाते. प्रत्यक्षात स्पर्धेच्या एअर रायफलीतून सुटणारा ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने जातो. तो डोळ्याला लागल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. कठीण पृष्ठभागावर आपटून तो उलटही येऊ शकतो. त्यामुळे घराची गच्ची, अंगण किंवा मोकळे मैदान ही सरावाची जागा ठरत नाही. लक्ष्यामागे छर्रा अडवणारी भक्कम व्यवस्था आणि नेमबाजाच्या पुढे कोणी जाणार नाही अशी आखणी आवश्यक असते.

सुरक्षिततेचे मूलभूत नियम

* प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजूनच ते हाताळावे.
* नळीचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला, म्हणजे रेंजवर लक्ष्याकडेच असावे.
* नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नये.
* लक्ष्य आणि त्यामागे काय आहे, याची खात्री करून घ्यावी.
* आज्ञा मिळाल्याशिवाय छर्रा भरू नये.
* ‘स्टॉप’ ही आज्ञा ऐकताच गोळीबार तत्काळ थांबवावा, मग ती कोणीही दिलेली असो.

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार, गोळीबार चालू नसताना नळीत ठळक रंगाची सुरक्षा दोरी घालावी लागते. एअरगनमध्ये ती संपूर्ण नळीतून आरपार गेलेली असते. दोरीचे टोक बाहेर दिसले, की शस्त्र रिकामे असल्याचे दुरूनही कळते. आधुनिक एअरगनच्या सिलिंडरमध्ये वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाची हवा असते. म्हणून सिलिंडरची मुदत तपासणे हाही सुरक्षिततेचाच भाग ठरतो.

प्रशिक्षणाचे टप्पे

आरंभी विद्यार्थ्याला शस्त्राचे भाग, रेंजवरील आज्ञा आणि रिकामे शस्त्र ठेवण्या-उचलण्याची पद्धत शिकवली जाते. यानंतर उभे राहण्याची ढब, श्वासावर नियंत्रण, नेम धरणे आणि चाप हळुवार दाबणे हे घटक येतात. पिस्तूल नेमबाजाला लक्ष्यापेक्षा माशी स्पष्ट दिसणे महत्त्वाचे असते. रायफल नेमबाज मागील छिद्रातून पाहताना पुढील वलय आणि काळे लक्ष्य समकेंद्री ठेवतो.

‘ड्राय फायरिंग’ म्हणजे छर्रा न भरता चाप दाबण्याचा सराव. त्यात चाप दाबताना होणारी हाताची हालचाल लक्षात येते. एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने चापाला बसलेला सूक्ष्म झटकाही गुण घालवतो. त्यामुळे सुरक्षिततेसाठी लावलेली बोटाची शिस्त पुढे अचूकतेसाठीही उपयोगी पडते. हा सरावही रेंजवर, ठरलेल्या जागी आणि परवानगी असेल तेव्हाच केला जातो.

शारीरिक काळजी

स्पर्धेच्या एअर रायफलीचे वजन ५.५ किलोग्रॅमपर्यंत असू शकते. उभ्याने नेम धरताना नेमबाज पाठ मागे झुकवतो आणि कमरेत किंचित वळतो. वाढत्या वयात ही असमान ढब दीर्घकाळ ठेवल्यास कमरेवर ताण येतो. म्हणून सरावाची वेळ हळूहळू वाढवणे, हलके किंवा आधार दिलेले शस्त्र वापरणे आणि पाठ व पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करणे हितावह असते.

शिसे हा विषारी धातू असून मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा विपरीत परिणाम होतो. छर्रे तोंडात धरणे किंवा रेंजवर खाणेपिणे टाळावे. सरावानंतर साबणाने हात धुवावेत. रेंज झाडताना धूळ उडू देऊ नये.

वय आणि कायदा

भारतातील शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ९ नुसार २१ वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. मात्र विहित वय पूर्ण केलेल्या व्यक्तीला प्रशिक्षणादरम्यान, ठरलेल्या अटींवर ते वापरण्याची मुभा याच कलमात आहे. जर्मनीत देखरेखीखाली आणि पालकांच्या संमतीने सामान्यतः १२ व्या वर्षापासून एअरगन आणि १४ व्या वर्षापासून लघुव्यासी शस्त्रे वापरता येतात. त्याहून लहान मुले तेथे प्रकाशकिरणांवर चालणाऱ्या बंदुकांनी सराव करतात.

प्रशिक्षक आणि पालकांची भूमिका

शस्त्र व छर्रे वेगवेगळे कुलूपबंद ठेवणे ही प्रौढांची जबाबदारी असते. थकलेल्या, चिडलेल्या किंवा गुणांच्या दडपणाखाली असलेल्या मुलाकडून आधी नियम विसरले जातात आणि मग नेम चुकतो. अशा वेळी सराव थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षकाला असावा लागतो. एखाद्या मुलाने रेंजवर धोका पाहून ‘स्टॉप’ म्हटले आणि तो धोका नसल्याचे नंतर आढळले, तरी त्याला रागावू नये. तसे केल्यास खऱ्या धोक्याच्या वेळी ते मूल गप्प राहण्याची शक्यता असते.