स्वस्त की रास्त? जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत कशी ठरवायची

महाराष्ट्रात फिरताना तुम्हाला 'रास्त भाव दुकान' अशी पाटी दिसेल. हे रेशनचं दुकान. तिथे 2022 पर्यंत गहू-तांदूळ सरकारने ठरवलेल्या दराने विकत मिळायचे. काही पाट्यांवर 'स्वस्त धान्य दुकान' असंही लिहिलेलं असतं. पण स्वस्त आणि रास्त या शब्दांचा अर्थ एकच नाही. स्वस्त म्हणजे कमी पैशांत मिळणारं. रास्त म्हणजे योग्य. घेणाऱ्यालाही पटेल आणि देणाऱ्यालाही पटेल असं.

तांदळाचा दर सरकार ठरवतं. पण वापरलेल्या पोर्शचा दर कोण ठरवणार? हा प्रश्न माझ्या एका मित्राला पडला होता.

अल दुहैलमधली गाडी

अल दुहैल हा कतारमधल्या दोहा शहराचा उत्तरेकडचा भाग. कतार विद्यापीठ इथून जवळ आहे. फुटबॉल बघणाऱ्यांना अल दुहैल क्लबचं नाव माहीत असेल. माझा मित्र याच भागात राहतो. त्याने पाच-सहा वर्षं पैसे साठवले होते. लहानपणी त्याच्या भिंतीवर पोर्श ९११ चं चित्र होतं, आणि आता त्याच्याच गल्लीत एक ९११ विकायला होती. गाडी 2016 ची, 72,000 किलोमीटर चाललेली. मालक 2,60,000 रियाल मागत होता. त्याची नोकरी संपली होती आणि तीन आठवड्यांत त्याला देश सोडायचा होता. (आकडे मी थोडे सोपे करून दिले आहेत, म्हणजे हिशोब नीट कळेल.)

गाडी चकाचक दिसत होती. पण मराठीत एक म्हण आहे ना: दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. म्हणून मित्राने लगेच पैसे दिले नाहीत. त्याने काय काय केलं ते बघू या.

पायरी १: तशाच गाड्या शोधा

आधी बाजार बघायचा. तेच मॉडेल, तेच साल आणि साधारण तेवढेच किलोमीटर असलेल्या निदान तीन गाड्या शोधायच्या. मित्राला अशा तीन गाड्या सापडल्या: 2,35,000, 2,48,000 आणि 2,65,000 रियालच्या. त्याने मधला आकडा धरला, 2,48,000.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, जाहिरातीत असते ती मागितलेली किंमत. गाडी खरंच तेवढ्याला विकली जाते असं नाही. दुसरी, गाडी कुठल्या देशासाठी बनवली आहे ते विचारा. आखाती देशांसाठी बनवलेल्या गाडीला इथे 'जीसीसी गाडी' म्हणतात. इथला उन्हाळा सोसावा म्हणून अशा गाड्यांची थंड ठेवणारी यंत्रणा जास्त दमदार असते. अमेरिकेतून आलेली तशीच गाडी इथे बऱ्याचदा कमी किमतीला जाते. आणि तिच्या मीटरवर मैल असतात! 40,000 मैल म्हणजे जवळजवळ 64,000 किलोमीटर. दोघींची तुलना करताना हे विसरलात तर हिशोब चुकलाच.

पायरी २: कागद वाचा

कतारमध्ये गाडीच्या नोंदणीच्या कार्डाला 'इस्तिमारा' म्हणतात. त्यावरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर एकच आहे का, ते बघायचं. हा नंबर 17 अक्षरं-आकड्यांचा असतो. गाडीवर बँकेचं कर्ज शिल्लक आहे का? वाहतुकीचे दंड भरलेत का? हे मिटल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होणार नाही.

मग सर्व्हिसच्या पावत्या. दर वर्षी तेल बदललंय का? कुठे बदललं? अपघात झाला होता का? पावत्यांची फाईल नीट असेल तर त्या गाडीला थोडे जास्त पैसे देणं बरोबरच आहे.

पायरी ३: गाडी कसाला लावा

सोनार सोनं कसोटीच्या दगडावर घासून बघतो. त्यालाच कसाला लावणं म्हणतात. गाडीचंही तसंच. कतारमध्ये 'फाहेस' नावाची सरकारमान्य तपासणी केंद्रं आहेत. तिथे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का, ते तपासतात. पण स्पोर्ट्स कारला तेवढं पुरत नाही. ज्याला त्याच कंपनीच्या गाड्यांची माहिती आहे, अशा मेकॅनिकला दाखवावीच लागते. तो काय बघतो?

टायर: टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी छान दिसत असली तरी उन्हाने रबर कडक होतं. जुने टायर वेगात धोक्याचे.

रंग: एक छोटं यंत्र रंगाची जाडी मोजतं. एकाच दारावर रंग खूप जाड लागला, तर तिथे दुरुस्ती झाली आहे. पण लगेच अपघात समजू नका. वाळूच्या वादळाने खरवडलेला रंगही लोक नवा करून घेतात. म्हणून आधी विचारायचं.

पाणी: 16 एप्रिल 2024 ला शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीत विक्रमी पाऊस झाला. दुबईत कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. बुडालेली गाडी पुसून विकणं सोपं असतं. म्हणून गालिचा उचलून खाली गाळ आणि सीटखाली गंज आहे का, ते बघायचं.

इंजिन: हा भाग मला सगळ्यात आवडतो. पोर्शचा कंप्युटर इंजिन किती तास चाललं ते लक्षात ठेवतो. इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवलं, तेही लिहून ठेवतो. दोह्याच्या उत्तरेला लुसैलचा रेस ट्रॅक आहे. तिथे आपली गाडी जोरात पळवायला सगळ्यांनाच आवडतं, पण विकताना सांगायला आवडत नाही. कंप्युटर मात्र सांगतो.

आता एक गणित करू या. मित्राची गाडी 72,000 किलोमीटर आणि 1,800 तास चालली होती. 72,000 भागिले 1,800 म्हणजे ताशी सरासरी 40 किलोमीटर. शहरातल्या गाडीला हे शोभतं. समजा मीटरवर फक्त 36,000 असते तर? सरासरी 20 आली असती. मग शंका येते: मीटर मागे फिरवलंय का? पण थांबा. दोह्यात उन्हाळ्यात लोक एसीसाठी गाडी उभी असतानाही इंजिन चालू ठेवतात. तास वाढतात, किलोमीटर वाढत नाहीत. म्हणून एका आकड्यावरून कोणाला चोर ठरवायचं नाही. तो आकडा पावत्यांवरच्या किलोमीटरशी ताडून बघायचा.

पायरी ४: वजाबाकी करा

मेकॅनिकने यादी दिली. चार टायर: 6,000 रियाल. पुढचे ब्रेक: 9,000. मोठी सर्व्हिस: 4,000. बेरीज 19,000. आता 2,48,000 वजा 19,000 म्हणजे 2,29,000 रियाल. हा झाला रास्त भाव, निदान त्याच्या आसपास.

स्पोर्ट्स कार जुनी झाली की तिची किंमत कमी होते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत कमी होत नाही. लाखाच्या गाडीला ब्रेक मात्र तीन लाखांच्या गाडीचेच लागतात. विकत घेणं जमलं आणि सांभाळणं जमलं नाही, तर नाकापेक्षा मोती जड होतो. म्हणून मित्राने पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी थोडे पैसे बाजूला काढून ठेवले.

मग भाव कसा ठरला?

आमच्यातला एकजण म्हणाला, "अरे, घाई कशाला? त्याला जायचंच आहे. शेवटच्या आठवड्यात पडेल त्या भावात देईल."

हे खरंही ठरलं असतं. पण मित्राला ते पटलं नाही. तो म्हणाला, "उद्या माझी नोकरी गेली तर मीही असाच तीन आठवड्यांत सामान विकत बसेन." तो मालकाकडे मेकॅनिकची यादी घेऊन गेला आणि म्हणाला, "भाऊ, हा माझा हिशोब. चुकत असेल तर सांगा." मालकाने यादी वाचली. ब्रेकबद्दल त्याला माहीत होतं, टायरबद्दल नव्हतं. मग त्याने कपाटातून दुसरी किल्ली आणि सर्व्हिसच्या राहिलेल्या पावत्या आणून दिल्या. सौदा 2,32,000 ला ठरला.

अर्थशास्त्रातही हीच गोष्ट आहे. जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक लेख लिहिला. पुढे 2001 मध्ये त्यांना इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं असं: गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "एवढ्याला नाही विकायची." तो बाजारातून निघून जातो आणि उरतात खराब गाड्या!

म्हणजे तपासणी फक्त घेणाऱ्याच्या फायद्याची नाही. प्रामाणिक विकणाऱ्यालाही तिच्यामुळेच योग्य पैसे मिळतात. पुढच्या वेळी तुम्ही जुनी सायकल, फोन किंवा लॅपटॉप घ्याल, तेव्हाही याच चार पायऱ्या वापरून बघा.

शब्दार्थ
रास्त – योग्य, न्याय्य
कसाला लावणे – नीट पारखून बघणे
ताडून बघणे – दोन गोष्टी जुळतात का ते बघणे
सौदा – खरेदी-विक्रीचा व्यवहार
पडेल त्या भावात – मिळेल त्या किमतीला
नाकापेक्षा मोती जड – मुख्य वस्तूपेक्षा तिच्याबरोबरचा खर्च मोठा

स्वाध्याय
१. 'स्वस्त' आणि 'रास्त' यांतला फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. टायरवर 4121 लिहिलं आहे. तो कधी बनला?
३. एक गाडी 60,000 किलोमीटर आणि 2,400 तास चालली आहे. ताशी सरासरी काढा. तुम्ही मालकाला कोणता प्रश्न विचाराल?
४. मित्राने शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायला हवं होतं का? आई-बाबांशी मराठीत बोला आणि पाच वाक्यं लिहा.