वीस सप्टेंबरनंतरचे सोने

ब्राझीलच्या तोकांतिन्स राज्यातल्या सोनेरी बांगड्यांचा कच्चा माल खाणीतून येत नाही. तो पाणथळ माळावरून येतो, आणि तो कधी काढायचा याची मुदत सरकारने घालून दिली आहे : २० सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर. त्याआधी माळात हात घातला तर तो गुन्हा ठरतो. या मालाला तिथे ‘कापीं दोरादो’, म्हणजे सोनेरी गवत म्हणतात. त्याचे झुमके, बांगड्या, गळ्यातले ब्राझीलच्या मोठ्या शहरांत आणि परदेशातही विकले जातात. त्यांना ना मुलामा लागतो, ना रंग. झळाळी त्या काडीची स्वतःची. ‘पर्यावरणस्नेही’ ही पाटी हल्ली कशावरही लागते. ती खरी ठरायला काय काय जुळून यावे लागते, हे तोकांतिन्सच्या झालापाँव भागात नीट दिसते.

सिंगोनँथस नायटेन्स हे या वनस्पतीचे शास्त्रीय नाव. पावसाळ्यात कासच्या पठारावर पांढरे गेंद फुलतात, त्यांच्याच एरिओकॉलेसी कुळातली ही. जमिनीलगत पानांचा छोटा गुच्छ, त्यातून वर आलेली हातभर लांब, बारीक, ताठ दांडी आणि टोकाला पांढरे बोंड. जुलै-ऑगस्टात फुलोरा येतो, सप्टेंबरात बी पक्के होते. मुदतीचे मूळ इथे आहे. दांडी ओली असताना ओढली तर अख्खा गुच्छच मुळासकट हातात येतो. वाळल्यावर ओढली तर ती बुंध्याशी सुटते आणि रोप जागेवर राहते. नियमाचा दुसरा भाग असा, की बोंडे तिथल्या तिथे खुडून माळावरच टाकायची. बी घरी न्यायचे नाही. इझाबेल श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माळावर निरीक्षणे करून हे तपासले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बी पक्के झाल्यावर काढणी केली आणि ते माळावरच राहू दिले, तर रोपांच्या संख्येला धक्का लागत नाही.

या काडीला शिवणारा धागाही रानातलाच. बुरिती नावाच्या ताडाचे न उमललेले पान काढायचे, त्यावरचा पातळ पापुद्रा सोलायचा, वाळवायचा, पिळायचा आणि सुईत ओवायचा. काड्यांची जुडी गोल वळवत न्यायची आणि प्रत्येक टाका आधीच्या वेढ्यात अडकवायचा. एक काडी संपत आली की दुसरी आत सरकवायची, म्हणजे जाडी सारखी राहते. टाके एकाखाली एक आले की मध्यापासून कडेपर्यंत रेषा उमटतात. अंतर जरा चुकले की रेषा वाकते, आणि घेणाऱ्याच्या नजरेला तेच आधी दिसते. झुमका जितका लहान, तितके काम किचकट. वजनावर मजुरी ठरवली तर कारागिणीच्या हाती काहीच लागणार नाही.

ही कला मुंबुका या वस्तीमुळे नावारूपाला आली. मुंबुका हा किलोम्बो, म्हणजे गुलामगिरीतून निसटलेल्या-सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वंशजांची वस्ती. पूर्वज बाईया राज्यातून आले आणि हे विणकाम शेरेन्ते आदिवासींकडून शिकले, असे तिथले लोक सांगतात. दोना मियूदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या ज्येष्ठ कारागिणीने ही कला बाहेरच्या जगापर्यंत नेली. आधी टोप्या आणि टोपल्या घरच्या वापरापुरत्या होत. १९९० च्या दशकात बाजार मिळाला, मग दागिने आले, आणि मागणीबरोबर घाईही आली. लोक हिरव्या दांड्या उपटू लागले, व्यापारी कच्च्या काड्यांचे भारे बाहेर नेऊ लागले.

यावर राज्याच्या पर्यावरण खात्याने, नातुरातिन्सने, २००४ पासून नियम आणले. त्यातला सर्वांत धोरणी नियम रोपाविषयी नाहीच. विणकाम न केलेली काडी झालापाँवबाहेर न्यायला बंदी आहे. म्हणजे ज्याला हे सोने हवे, त्याने ते तिथल्या हातांनी घडवलेलेच घ्यायचे. शहरात स्वस्त मजुरीवर कारखाना काढायची वाट तिथेच बंद होते. ब्राझीलने २०१० मध्ये न्याय्य आणि सहकारी व्यापारासाठी राष्ट्रीय व्यवस्था उभारली, तर २०११ मध्ये झालापाँवच्या या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन्ही गोष्टी उपयोगाच्याच. तरी शिक्का गिऱ्हाइकाला दिसतो आणि कच्च्या काडीवरची बंदी दिसत नाही. कारागिणीची मजुरी गावात ठेवण्याचे काम ती बंदीच करते.

दुसरी गोष्ट आगीची. हा माळ काही वर्षे जळला नाही, तर सोनेरी गवताचा फुलोरा घटतो. म्हणून गावकरी साधारण दर दोन वर्षांनी, जमिनीत ओल असताना, माळाचे तुकडे जाळत आले. २००१ मध्ये झालापाँव राज्य उद्यान झाले आणि आग हा अपराध ठरला. साठलेले सुके गवत मग ऐन कोरड्या हंगामात पेटे आणि वणवा आवरता आवरत नसे. अखेर २०१४ पासून या भागातल्या संरक्षित क्षेत्रांत नियंत्रित जाळपोळ अधिकृतपणे सुरू झाली, आणि २०२४ च्या कायद्याने ते देशाचे धोरण झाले. गावकऱ्यांची जी रीत अडाणीपणाची मानली गेली होती, तिच्यातले शहाणपण सरकारी कागदावर यायला इतका काळ जावा लागला.

तरीही ही व्यवस्था अर्धीच म्हणावी लागेल. १९८८ च्या राज्यघटनेने किलोम्बोंना त्यांच्या जमिनीचा हक्क दिला, पण मालकीचे कागद द्यायची गती देशभर मंदच राहिली. झालापाँवभोवतीच्या पठारांवर सोयाबीन पसरते आहे. खालच्या पाणथळ माळांना पाणी मिळते ते याच पठारांत मुरलेल्या पावसाचे. ते पाणी आटले तर २० सप्टेंबरला काढायला माळावर काही उरणार नाही.

योग्य दाम देणारे गिऱ्हाईक एका टाक्याची मजुरी वाढवू शकते, दलालाला बाजूला सारू शकते, आणि ते त्याने करावेच. पण माळ कुणाचा आणि पठारावर काय पेरायचे, हे दुकानाच्या काउंटरवर ठरत नाही. त्याचा निकाल ब्राझीलच्या सरकारलाच लावावा लागेल, आणि तो लागेपर्यंत या झुमक्यावरची ‘न्याय्य व्यापार’ ही पाटी अर्धीच खरी आहे.