मास्तरांचे सीमोल्लंघन

वकील, डॉक्टर, इंजिनिअर यांनी समुद्र ओलांडला तर आपल्याकडे कुणाला नवल वाटत नाही. शाळामास्तराचे मात्र तसे नव्हते. त्याची धाव शेजारच्या तालुक्यापर्यंत, आणि तीही बदलीचा हुकूम हातात पडला म्हणून! हल्ली हे चित्र पालटले आहे. बी.एड. झालेल्या मुलामुलींच्या तोंडी लंडन, दुबई, टोरांटो ही नावे अशी येतात, की जणू ती लोणंद-फलटणच्या पलीकडचीच ठाणी! दसरा होऊन गेला, दिवाळी दारात आहे. तेव्हा मास्तरांच्या या नव्या सीमोल्लंघनाविषयी चार शब्द बोलायला हरकत नाही.

तसे पाहिले तर ही वाट अगदीच नवी नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यापायी देशाबाहेर पडले आणि १९२४ साली मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्यावरील त्यांचे संशोधन तिकडे नावाजले गेले. दिएगो रिव्हेरासारख्या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. पुढे सम्राट हैले सेलासी यांच्या इथिओपियाने आपल्या शाळांसाठी भारतातून शिक्षकांचे तांडेच्या तांडे नेले. त्यांत केरळीयांचा भरणा मोठा. १९७४ साली सम्राटांचे सिंहासन गेले, राज्याची घडी बदलली, आणि त्या मास्तरांपैकी पुष्कळांनी आपला गाशा गुंडाळला.

या प्रवासाचे मर्म इथिओपियाच्या कथेत आहे. परका देश मास्तरासाठी दार उघडतो तो स्वतःच्या गरजेपोटी. गरज जेवढी, दार तेवढे. निघणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवले, तर पुढची निम्मी दुःखे टळतील.

इंग्लंडचेच उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०२३ पासून त्या देशाने भारतासह आणखी काही देशांतील शिक्षकांना आपली ‘अर्हताप्राप्त शिक्षक’ ही मान्यता थेट मागण्याची सोय केली. पदवी हवी, शिक्षणशास्त्राची अर्हता हवी, निदान एक वर्षाचा अनुभव हवा. इथवर ठीक. पण भारतातल्या शिक्षकाला आणखी एक अट आहे. त्याचा विषय गणित, विज्ञान किंवा परकीय भाषा असला पाहिजे आणि त्याने अकरा ते सोळा वर्षांच्या मुलांना शिकवण्याची तयारी केलेली असली पाहिजे. इतिहासाच्या शिक्षकाला या वाटेने प्रवेश नाही. त्याच वर्षी पदार्थविज्ञान आणि भाषा यांच्या शिक्षकांना बाहेरून येण्यासाठी १०,००० पौंड देण्याची योजनाही तिथल्या सरकारने प्रयोगादाखल काढली होती. ज्या विषयाचे मास्तर त्यांच्याकडे कमी, त्याच विषयाच्या मास्तराला पायघड्या!

आमच्यासारख्या मराठीच्या मास्तरांचे काय, असे कुणी विचारील. तिथल्या सोळाव्या वर्षाच्या शालान्त परीक्षेत गुजराती आहे, बंगाली आहे, पंजाबी आणि उर्दूही आहे. मराठी नाही. तेव्हा आम्ही आपले इथेच बरे!

इतर देशांची तऱ्हाही फारशी वेगळी नाही. अमेरिकेच्या शिक्षक-विनिमय योजनेत तीन वर्षे मिळतात, फार तर आणखी दोन; मग घरी. आखाती देशांत आपल्या केंद्रीय परीक्षामंडळाच्या पुष्कळ शाळा आहेत. तिथे पुस्तके ओळखीची, मुलेही बहुतेक आपलीच. पण राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की बिस्तरा बांधायचा.

मग इतके असूनही ही मुले जातात का? उत्तर शोधायला समुद्र ओलांडावा लागत नाही. २०१२ साली आपल्या राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि बी.एड.च्या पदव्या वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून राहिल्या. नोकरी लागलीच, तर पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून काढायची. २०२३ साली त्यांचे मानधन वाढले, तेव्हा कुठे ते प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये झाले. त्याआधी ते ६,००० आणि ८,००० होते! विनाअनुदानित शाळांत तर ‘आज ना उद्या अनुदान येईल’ या एका वाक्यावर माणसांची तारुण्ये सरली. उलट इंग्लंडात मान्यताप्राप्त शिक्षकाला सप्टेंबर २०२५ पासून लंडनबाहेर आरंभीच वर्षाला ३२,९१६ पौंड मिळतात. म्हणजे महिन्याला तीन लाख रुपयांच्या वर!

मात्र हा गुणाकार करताना थोडे थांबावे. पौंडात मिळवलेले पौंडातच खर्च होते. प्राप्तिकर, विम्याची वर्गणी आणि घरभाडे यांनी त्या तीन लाखांना चांगलीच गळती लागते. शिवाय व्हिसाच्या वेळी आरोग्यसेवेचा अधिभार प्रौढ माणशी वर्षाला १,०३५ पौंड, आणि तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ!

माझी एक जुनी विद्यार्थिनी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी., बी.एड. झाली आणि एका खेड्यातल्या शाळेत शिकवू लागली. दोन वर्षांपूर्वी ती घरी आली. एका दलालाने इंग्लंडची नोकरी देतो म्हणून चार लाख मागितले होते. वडील जमीन गहाण टाकायला निघाले होते. मी तिला म्हटले, “आधी सरकारी नियम वाचू.” दोघांनी बसून वाचले. मान्यतेच्या अर्जाला इंग्लंडचे सरकार एक पैसाही घेत नाही! आपल्या सरकारने नोंदणी केलेल्या भरती-दलालाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा अधिक घेता येत नाही. आणि त्याची नोंदणी ‘ई-मायग्रेट’वर कुणालाही तपासता येते. जमीन वाचली.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २००७ पासून साडेतीनशेच्या आसपास फिलिपिनो शिक्षकांना अशाच भरतीतून नेले गेले. माणशी सुमारे १६,००० डॉलर उकळले गेले, त्यासाठी पुष्कळांनी जबर व्याजाने कर्जे काढली. डिसेंबर २०१२ मध्ये ज्यूरीने त्यांना ४५ लाख डॉलर भरपाई देवविली. न्याय मिळाला खरा, पण मधली वर्षे कुणी परत दिली?

मुलीने अर्ज स्वतः केला. मान्यता आली, तरी नोकरी आपोआप मिळाली नाही. व्हिसासाठी पुरस्कर्ता होईल अशी शाळा शोधण्यात आठ महिने गेले. आता ती उत्तर इंग्लंडातल्या एका गावी शिकवते. एकदा फोनवर म्हणाली, “सर, विषय तोच आहे हो, पण मीच नव्यानं शिकतेय. माझी भागाकार मांडायची रीत मुलांना कळत नाही. लाख म्हटलं की सगळी माझ्या तोंडाकडे बघतात. आणि नुसते डोळे वटारून इथं वर्ग गप्प बसत नाही!” मी विचारले, “मग परत यावंसं वाटतं?” ती जरा थांबून म्हणाली, “पगाराच्या दिवशी नाही वाटत. रविवारी वाटतं.”

या व्यवहाराला दुसरी बाजू आहे. २००१ च्या सुमारास लंडन-न्यूयॉर्कच्या शाळांनी जमैकातून शेकडो शिक्षक उचलले, तेव्हा त्या चिमुकल्या देशाचे वर्ग ओस पडू लागले. त्या तक्रारीतूनच सप्टेंबर २००४ मध्ये राष्ट्रकुलातील देशांनी शिक्षकभरतीचा एक करार केला. शिक्षकाचा परदेशी जाण्याचा हक्क मान्य करावा, पण ऐन शालेय वर्षात त्याला वर्गातून उठवून नेऊ नये. त्याला तिथल्या शिक्षकांच्या बरोबरीने वागवावे. करार शहाणपणाचा आहे, पण कायद्याचे बळ त्याला नाही.

आपण मात्र जमैकाची तक्रार सहज उचलू नये. तिकडच्यांनी आपले मास्तर पळवले असे म्हणण्याआधी, आपण त्यांना धरून ठेवण्यासाठी काय केले, हे विचारायला हवे. जाणाऱ्याने अवश्य जावे; मात्र कर्ज काढून जाऊ नये, करारपत्र वाचल्याशिवाय सही करू नये आणि आपला पासपोर्ट कुणाच्या स्वाधीन करू नये. दार गरजेपुरते उघडले आहे हे ओळखून, मुदतीच्या आत आपले काय साधायचे ते ठरवून जावे.

राहिला प्रश्न मागे राहिलेल्यांचा. त्या मुलीच्या शाळेत तिची जागा अजून भरलेली नाही. दहावीचा विज्ञानाचा तास सध्या चित्रकलेचे मास्तर घेतात. आकृत्या ते फार सुबक काढतात, असे मुले सांगतात.