फरीना : एका लुप्त रेल्वेग्रामाची हकीकत

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागांत फरीना नांवाचें एक ओसाड ठिकाण आहे. लॅटिन भाषेंत फरीना म्हणजे पीठ. गहूं पिकेल व आगगाडी तो बंदराकडे नेईल, या भरंवशावर १८७८ सालीं गांव आंखून हें नांव देण्यांत आलें. कोरडवाहू जमीन कसणाऱ्या आमच्या वाचकांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं.

१८६३ ते १८६५ पर्यंत तिकडे कडक अवर्षण पडलें होतें. पावसाचा भरंवसा कोठवर धरावा, हें ठरविण्याचें काम जमीन-मोजणी खात्याचे प्रमुख जॉर्ज गॉयडर यांजकडे आलें. पावसाचे आंकडे त्या मुलखांत फारसे नव्हतेच. गॉयडर घोड्यावरून हिंडले व त्यांनी झाडोरा पाहिला. खारट पानांचीं झुडपें लागलीं कीं पलीकडे नांगर घालूं नये, मेंढरें चारावीं, असें ठरवून त्यांनी १८६५ सालीं नकाशावर रेषा ओढिली. ही सुमारें १० इंच पावसाची सीमा होय. या कथेंत जमिनीची खरी पारख असलेला मनुष्य आमच्या मतें हाच.

पुढें कांहीं वर्षें पाऊस चांगला झाला. मग काय विचारतां! लोक गॉयडरांची थट्टा करूं लागले; नांगरामागें पाऊस चालत येतो, असें शहाणेसुरतेही बोलूं लागले. १८७४ सालीं सरकारनें रेषेचा निर्बंध उठविला. फरीना तर त्या रेषेच्या पुष्कळ उत्तरेस; तेथें वर्षाला सहा-सात इंच पाऊस. १८८० च्या सुमारास पुन्हां अवर्षण आलें, आणि १८८२ त रूळ पोंचले तेव्हां गव्हाची आशा करपत चालली होती.

तरीही गांव कांहीं काळ जगलें, तें लोंकर, तांबें-रुप्याच्या खाणी व उंटांचे तांडे यांवर. उंटवाल्यांस सरसकट अफगाण म्हणत. त्यांत बलुची, सिंधी व पंजाबीही होते. उंटांचे पहिले मोठे कळप, त्या काळीं मुंबई इलाख्यांत असलेल्या कराचीहून गेले होते. भरभराटींत वस्ती सुमारें ६०० होती. परंतु १८८४ सालीं लोहमार्ग आणखी उत्तरेस सरकला व शेवटच्या स्टेशनाचा व्यापार त्याबरोबर गेला. १९८० त मध्य ऑस्ट्रेलियाची गाडी पश्चिमेकडील नव्या मार्गानें धांवूं लागली. फरीना तोंवर उजाड झालें होतें.

२००९ पासून स्वयंसेवक तेथील पडक्या दगडी भिंती सांवरीत आहेत. जुनी भुयारी भट्टीही त्यांनीं दुरुस्त केली असून, वर्षांतून कांहीं आठवडे तींत पाव भाजतात. पीठ अर्थात् बाहेरून येतें.