वाशिम ते जिद्दा : तिकिटावरचे तास आणि घरापासूनचे तास

उमराहचं तिकीट हातात आलं की घरातले सगळे आधी वेळ बघतात. रात्री 11 ला विमान सुटणार, 2.15 ला जिद्दा. म्हणजे सव्वातीन तास? आमच्या घरीही हाच हिशेब झाला होता, आणि अम्मीच्या इन्सुलिनची वेळ त्यावरच ठरवली गेली. पुढे विमानात जी धावपळ झाली ती आठवली की आजही वाईट वाटतं.

तिकिटावर सुटायची वेळ भारताची असते आणि पोहोचायची सौदीची. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. म्हणून जाताना दिसतात त्या तासांत अडीच मिळवायचे, येताना वजा करायचे. वरचा प्रवास खरा पावणेसहा तासांचा.

आता अंतर. नागपूर ते जिद्दा सरळ रेषेत सुमारे 4,100 किलोमीटर, मुंबई ते जिद्दा सुमारे 3,500. विमान ताशी आठशे-साडेआठशेच्या वेगाने जातं, पण धावपट्टीवरचा वेळ, चढणं-उतरणं, वळणाचा हवाई मार्ग हे सगळं धरून नागपूरहून साडेपाच ते सहा तास आणि मुंबईहून पाच ते साडेपाच तास लागतात. येताना बहुधा कमी वेळ लागतो, कारण उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

मग मुंबई जवळची का? आकाशातून हो, वाशिमहून नाही. वाशिम ते नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. कारंजा, शेलूबाजारकडच्या लोकांना तर समृद्धी महामार्ग दारातच आहे. चार तासांत माणूस विमानतळावर. मुंबईसाठी अकोल्याला जाऊन रात्रभराची रेल्वे, आणि तिथून पुढे टॅक्सी. हवेत वाचलेला अर्धा तास जमिनीवर कितीतरी पटीने वसूल होतो. म्हणून हजच्या अर्जात म्हाताऱ्या आईवडिलांसाठी नागपूर लिहावं, असं आमचं मत आहे.

उमराहचं मात्र वेगळं. थेट विमानं मुंबईहून मिळतात. नागपूरहून जायचं तर दोहा किंवा शारजामार्गे. नागपूर-दोहा-जिद्दा हे अंतर जवळपास 4,170 किलोमीटर, म्हणजे थेट मार्गापेक्षा फार जास्त नाही. वेळ खातो तो मधला थांबा. तिकीट घेताना तो किती तासांचा आहे हे एजंटला आधी विचारा. स्वस्त तिकिटात कधी कधी अख्खी रात्र खुर्चीवर काढावी लागते.

मीकात विमानातच, उतरायच्या आधी येते. तेव्हा एहराम घरून किंवा विमानतळावरच बांधून घ्यावा, थांबा असेल तर तिथे. आधी मदिनेला जाणाऱ्यांना ही घाई नाही.

घरून निघण्यापासून मक्केच्या खोलीपर्यंत नागपूरमार्गे थेट विमानाने सोळा-सतरा तास धरा : चार रस्त्याचे, तीन-चार विमानतळावरचे, सहा हवेतले, बाकी जिद्द्याची तपासणी आणि बस. 1995 पर्यंत मुंबईहून जहाज जायचं, त्याला कितीतरी दिवस लागायचे, त्या मानाने हे काहीच नाही. तरी साखरेचा आजार असलेल्यांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. दोन डोसांमधलं अंतर घड्याळ बघून नाही, तास मोजून ठरवा, आणि निघण्याआधी डॉक्टरांकडून ते कागदावर लिहून घ्या.