पाचवे शील आणि दारूबंदीचा कायदा

मद्यपान ही व्यक्तीच्या इच्छेची बाब की समाजाच्या आरोग्याची, आणि शासनाने तीत कुठवर हात घालावा, हा प्रश्न शहापूर-मुरबाड परिसराला नवा नाही. १८९२ साली मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा केला. त्यामागे प्रजेच्या आरोग्यापेक्षा अबकारी महसुलाची काळजी अधिक होती. कातकरी-ठाकुरांच्या घरी मोहफूल हे टंचाईच्या दिवसांतील अन्नही होते. तेच बाळगण्यावर निर्बंध आले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरील नियंत्रण राहिले. ते २०२१ साली शिथिल झाले.

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात बाबासाहेबांनी सरकारी दारूबंदीस विरोध केला. महसूल बुडतो आणि दारू घरोघरी गाळली जाते, असा त्यांचा आक्षेप होता. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती आहे काय? आम्हांस ती दिसत नाही. पालीत शीलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम. 'वेरमणी' म्हणजे विरत होणे. 'समादियामि' हे क्रियापद आज्ञार्थी नाही, ते प्रथमपुरुषी आहे: मी स्वीकारतो. शील ज्याचे त्याने घ्यावयाचे असते; दुसऱ्याच्या हुकुमाने ते घेतले जात नाही.

मग कायदा निरर्थक ठरतो काय? तसेही नाही. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. त्यांतील धनहानी व कलह पिणाऱ्याच्या बायकामुलांनाही भोगावे लागतात. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. म्हणून विक्रेत्यावरील बंधन न्याय्य ठरते. २००८ च्या शासन आदेशाने गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिल्यास दुकान बंद करण्याची तरतूद केली. येथे निर्णय झळ सोसणाऱ्या स्त्रियांच्याच हाती येतो, हे तिचे मोल होय.

मात्र हे मतदान परवान्याच्या दुकानापुरतेच असते. हातभट्टीला परवाना नसतो. तिच्यावर पोलिसांनी व उत्पादन शुल्क खात्याने कारवाई करावयाची असते. आणि दोन्ही बंद झाल्यावरही पिण्याची ओढ उरते. तेव्हा उपासक-उपासिकांनी अशा मतदानात अवश्य उतरावे. आणि विहारात पंचशील म्हणताना 'समादियामि'चा अर्थ तरुणांना समजावून द्यावा. कायद्याचे काम संपते तेथून पुढचे काम विहाराचे आहे.